सातशे वर्षांचा चिटणीस

विलीनीकरण कसं करावं हे ग्वाल्हेरात कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं, असं मी अगदी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आमच्या घराण्याला त्याची सवयच आहे. आजोबा दरबारच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं आणि ते मध्यभारताचे नोकर झाले. मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली, त्यांच्या कचेरीतली कपाटंसुद्धा गेली. आजोबा तेवढे इथे राहिले, कारण त्यांना कुणी 'चला' म्हटलंच नाही. पण खुर्ची त्यांनी सोडली नाही. तोच वारसा मी चालवतो. मी गोपाळकृष्ण, हजीऱ्याच्या मराठी मंडळाचा चिटणीस आहे. म्हणजे होतो.

तर हजीऱ्याचं आमचं मंडळ आणि दर्पण कॉलनीतलं मंडळ एक करायचं ठरलं होतं. कारण उघड होतं, माणसंच उरली नव्हती. गणपतीच्या आरतीला टाळ जास्त आणि हात कमी! गेल्या वर्षी आम्ही नाटक बसवलं, त्यात नवतरुण परीची भूमिका आमच्या अध्यक्षा सुलोचनाबाईंना करावी लागली. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. परी आली ती बसूनच आली आणि दोघांनी उचलल्यावर गेली.

एकत्र मंडळाचे अध्यक्ष दर्पणचे मानसिंगराव होणार, हे सगळ्यांना कबूल होतं. सुलोचनाबाईही 'होऊ दे बाई एकदाचं' म्हणाल्या होत्या. अडलं होतं चिटणीसपदावर. ते मला हवं होतं, आणि मानसिंगराव नुसते 'बघू' म्हणत होते. उगाच कशाला लपवू? नोकरी संपल्यापासून माझं ऐकून घेणारी तेवढी एकच जागा जगात उरली आहे. घरात मी पंखा बंद करा म्हणालो की माझी बायको लीला तो वाढवते.

पण मला खात्री होती, कारण माझं मराठी. ग्वाल्हेरात राहून हिंदीचा शिंतोडा न उडालेलं मराठी बोलणारा मी बहुधा शेवटचाच. मानसिंगरावांचे पूर्वज तलवार घेऊन दख्खनेतून आले खरे, पण हे स्वतः जन्मभर इथल्या कोर्टात वकिली करत राहिले. पुण्याच्या पाहुण्यांसमोर एकदा भाषणात म्हणाले, "माझ्या दोन्ही नातवांना दिल्लीत उत्तम शिक्षा मिळाली." पाहुण्यांनी हळूच माझ्या कानाला लागून विचारलं, "गुन्हा काय होता?" असा माणूस शब्दांच्या लढाईत माझ्यापुढे काय टिकणार!

शेवटची बोलणी रविवारी संध्याकाळी आमच्याच घरी व्हायची होती. मी दुपारीच झब्बा घालून बाहेरच्या खोलीत आलो, तर तिथे आमच्या वनमालेनं सगळं टेबल अडवलेलं. तिचा एक खेळ आहे. टेबलावर एक नकाशा पसरायचा, वनूनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन बोलायचं, आणि जमलं की फसलं हे एका वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं; वीस पडले तर फत्ते, एक पडला तर सत्यानाश. नोकरी करणारी मुलगी रविवारी राक्षस मारत बसते. समोर तिचा मित्र दौलतसिंह बसला होता आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"बाबा, बरं झालं आलात," वनू म्हणाली. "हा माझ्या एल्फांना फर्जी म्हणतोय."

"कोण एल्फ?"

"इंग्रजी गोष्टींमध्ये असतात ना, ते. उंच, सुंदर, टोकदार कान, जंगलात राहतात. सातशे वर्षं जगतात."

"अंकल, आप ही बताइए," दौलत म्हणाला. "सात सौ साल जीते हैं, बच्चे ना के बराबर, खेती करते नहीं, दिन भर बैठ के पुराने गाने गाते हैं. फिर इनका समाज चल कैसे रहा है?"

"भांडी कोण घासतं ते विचारा आधी," लीला स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी झब्ब्याच्या बाह्या सारल्या. कारभाराचा प्रश्न आणि तो माझ्यासमोर! "सातशे वर्षं जगतात, तर निवृत्त कधी होतात?"

"होतच नाहीत. जो मंत्री झाला तो झाला."

"मग खालच्याला बढती?"

"तो तीनशे वर्षांचा आहे. सगळे त्याला अजून बच्चाच म्हणतात."

"तेच तर," दौलत म्हणाला. "यक़ीन ही नहीं होता."

"न व्हायला काय झालं?" मी म्हणालो. "आमच्या मंडळात ये. आमचा युवा विभाग सांभाळणारा मुलगा गेल्या वर्षी आजोबा झाला. माणसं मोजकी, पण मान मोठा. खातात जुन्या पुण्याईवर. घरी तलवार आहे, ती दसऱ्याला पुसायची. आपसांत आपली भाषा बोलायची आणि बाहेरच्यांची गाणी कशी कर्कश आहेत यावर रोज चर्चा करायची. मुलं झाली तर एक, आणि ते मोठं झालं की माणसांच्या शहरात जातं. कशावर चालतं म्हणून काय विचारतोस? सवयीवर चालतं."

वनू माझ्याकडे बघतच राहिली. दौलत म्हणाला, "अब जम रहा है, अंकल." माझं बोलणं माझ्याच घरात कुणाला पटलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला ते चढलं.

वनूनं मला तिथेच खेळात ओढलं. उत्तरेच्या वनातल्या एल्फांचा मी चिटणीस. आमचं वन दक्षिणेच्या वनात विलीन व्हायचं आहे आणि दक्षिणेचा राजा अटी मान्य करत नाही. मला फक्त बोलायचं होतं. मी उठून उभा राहिलो आणि बोलायला लागलो.

"त्या दक्षिणेच्या म्हाताऱ्याला काही ऐकू येत नाही! देवानं एवढाले कान दिलेत, पण आत काही शिरत नाही. पाचशे वर्षं खुर्चीला चिकटून बसलाय. विचारलं की म्हणतो, बघू! आणि आमच्या राणीसाहेबांचं तर काय सांगावं, गुडघे वाकत नाहीत आणि परी व्हायची हौस जात नाही!"

दौलत हसला नाही. वनूही हसली नाही. दोघं माझ्या पाठीमागे दाराकडे बघत होते.

मराठी मंडळाचं कुणी ठरल्या वेळेआधी येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. उंबऱ्यात मानसिंगराव उभे होते. त्यांचे कान मोठे आहेत, हे मी सांगायचं राहून गेलं, आणि उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र आहे. त्यांच्या दंडाला धरून सुलोचनाबाई होत्या. त्या दिवशी यंत्र उत्तम चाललं होतं.

"बोला, बोला," मानसिंगराव म्हणाले. "थांबले का?"

"तुमच्याबद्दल नव्हतं ते. एल्फांबद्दल होतं."

"कोण एल्फ?"

"जंगलात राहतात."

"कोणत्या जंगलात? शिवपुरीच्या?"

"आणि परी कोण होतं त्यांच्यात?" सुलोचनाबाईंनी शांतपणे विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चिटणीसपद हातातून गेलं हे तर स्पष्टच दिसत होतं.

वनू पुढे झाली. "काका, खरंच खेळ आहे हा. तुम्ही बसून जा ना. दक्षिणेचे राजे तुम्हीच व्हा, आणि बाबांना जवाब द्या. मावशी, तुम्ही आमच्या राणी."

मानसिंगराव बसले ते केवळ माझी उलटतपासणी घ्यायला. पण वकील तो वकील. आधी त्यांना सगळी हकीकत हवी होती. "हे लोक खातात काय? जगतात कशावर?" वनू सांगत गेली. म्हणजे मघाशी मीच सांगितलेलं सांगत गेली. जुनी पुण्याई, पुसलेली तलवार, एकुलतं एक मूल, ते मूल माणसांच्या शहरात. मानसिंगरावांचे प्रश्न हळूहळू थांबले. त्यांचे दोन्ही नातू दिल्लीत असतात आणि फोनवर त्यांच्याशी हिंदीत बोलतात.

"मग शेवटी यांचं काय होतं ग?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"जंगल वाळत जातं, मावशी. मग एक दिवस कुणीच नसतं."

मघापासून मी ज्यांची टिंगल करत होतो ते आम्हीच होतो, आणि आमचं मंडळ एकत्र झालं काय किंवा न झालं काय, टाळ वाजवायला हात कुठून आणणार होतो? मला फार वाईट वाटलं. लीलानं कचोऱ्यांची ताटली मध्ये ठेवली आणि म्हणाली, "चहा पिऊन घ्या, गार होतोय."

मानसिंगरावांनी चहा घेतला नाही. घसा साफ करून म्हणाले, "गोपाळकृष्ण, हट्टाला पेटलो तर आपलं पण हेच होणार. माझं तर सरळ म्हणणं आहे. राजीनामा करून टाकू. तुमच्याकडून तुम्ही, माझ्याकडून मी. आत्ता, इथेच."

हा माणूस मंडळासाठी अध्यक्षपद सोडायला निघाला होता, आणि मी त्याच्या कानांवर बोललो होतो! मी मागे राहणं शक्यच नव्हतं. शिवाय, खरं ते सांगतो, आपण आधी राजीनामा दिला तर सगळे 'नाही नाही' म्हणतील आणि पद पुन्हा गळ्यात घालतील, असंही मनात येऊन गेलं. मी उठलो आणि हिंदीचा शिंतोडाही न उडालेल्या मराठीत म्हणालो, "मंडळाच्या भवितव्यासाठी मी या क्षणी माझ्या चिटणीसपदाचा राजीनामा देत आहे."

"मंजूर," सुलोचनाबाई म्हणाल्या.

इतकं झटपट काही मंजूर झालेलं मी मंडळात कधी पाहिलं नव्हतं. मी मानसिंगरावांकडे वळलो, आता ते देतील म्हणून. ते माझ्याकडे डोळे वासून बघत होते.

"पद कशाला सोडलं तुम्ही?"

"तुम्हीच म्हणालात ना, राजीनामा!"

"हो, राजीनामा. दोन्ही पार्ट्या राजी झाल्या की कोर्टात लिहून देतात तो! समझौता हो! जन्मभर तेच तर करवत आलो मी. मी अध्यक्ष, तुम्ही चिटणीस, असं लिहून टाकणार होतो मी."

वनूनं कपाळाला हात लावला. "बाबा, ते 'करू' म्हणाले. 'देऊ' नाही."

"मग मी परत घेतो," मी म्हणालो.

"परत घ्यायला सभा बोलवावी लागेल," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सभा बोलवायचा अधिकार चिटणीसाचा. आणि चिटणीस तर नाही." हा नियम मीच केलेला आहे.

"मग नवा चिटणीस नेमावा लागणार," मानसिंगराव म्हणाले, आणि त्या दोघांनी एकदमच वनूकडे पाहिलं. तीनशे वर्षांच्या बच्च्याला बढती मिळाली. मंडळंही त्याच संध्याकाळी एक झाली. आता मंडळाच्या सूचना अशा येतात : 'सर्व सदस्यांनी टाइमावर येऊन जावे.' मी त्या वाचतो आणि पंख्याकडे बघत पडून राहतो. पण आरतीला दौलत आणि त्याचे मित्र येतात आणि टाळ पुरत नाहीत, हेही सांगायला हवं.

मला एकच समाधान उरलं होतं. मानसिंगराव आणि सुलोचनाबाईंना त्या खेळाची चटक लागली आहे. दर रविवारी दोघं येतात, आणि एल्फांच्या राज्यात मी अजून चिटणीस होतो. तिथे निवृत्ती नाही, सभा नाही, समोर निदान चारशे वर्षांची नोकरी. गेल्या रविवारी मी भर दरबारात भाषणाला उभा राहिलो. वनू म्हणाली, जिन्यावर आहात, आधी फासा टाका. मी टाकला. एक पडला.

"बाबा, तुमचे चिटणीस जिन्यावरून पडले," ती म्हणाली. "वारले."

"वारले कसे? सातशे वर्षं जगतात ना!"

"जिन्यावरून नाही पडले तर."

मी न्यायासाठी राणीसाहेबांकडे पाहिलं. सुलोचनाबाईंनी कचोरीचा तुकडा मोडला, तो शांतपणे चिंचेच्या चटणीत बुडवला आणि म्हणाल्या, "मंजूर."