माकड वगळण्याचा ठराव

धर्म आणि विज्ञान यांच्यात मुळात भांडण नसतंच. ते लावायला आणि मिटवायला समिती लागते. नागपुरात महाल भागातल्या आमच्या शाळेला हे सत्य १९७३ साली उमगलं आणि अवघ्या सात बैठकांत (तर्रीपोह्यांसह) भांडण मिटलं.

झालं असं, की नव्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आली आणि विज्ञानाच्या शामलाबाईंनी ती नववी 'ब'ला शिकवली. बाई हंगामी होत्या, जूनमध्ये कायम व्हायच्या होत्या, म्हणून जपूनच शिकवली. तरी मुली घरी जाऊन आपापल्या आजोबांकडे निरखून पाहू लागल्या. तक्रारी आल्या.

शाळेचे अध्यक्ष वामनराव कीर्तन करत, शिवाय उदारही होते. "डार्विनसाहेबाचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग मनुष्य. सगळं आपल्या दशावतारात आहे. त्याला फक्त उशिरा कळलं." समितीने टाळ्या वाजवल्या. नरसिंहाचा सांगाडा अद्याप न सापडल्याने त्याला प्रतीक्षायादीत ठेवलं.

अडलं ते माकडापाशी. अवतारांच्या यादीत माकड नाही. मारुतीराया आहेत, पण ते रामाच्या वेळचे, म्हणजे माणसानंतरचे. शिवाय त्यांना मधल्या पायरीवर उभं करायची कुणाची छाती नव्हती. शेवटी सदस्य मनोहरराव म्हणाले, "मग माकड काढूनच टाका ना!" नऊ विरुद्ध शून्य मतांनी माकड उत्क्रांतीतून वगळण्यात आलं आणि ठराव शिकवण्यासाठी शामलाबाईंच्या हाती दिला.

बाईंनी तो शिकवला. अगदी शब्दशः. पालकसभेच्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: मासा, कासव, डुक्कर, आपण.

वामनराव ताडकन उठले. "बाई, हे काय लिहून राहिल्या तुम्ही?"

"ठराव क्रमांक चार," बाई म्हणाल्या. "खाली तुमची सही आहे."

आठवी बैठक त्याच संध्याकाळी झाली आणि उत्क्रांती ऐच्छिक करण्यात आली. पालक-शिक्षकांना छापील फॉर्म वाटले: 'माझे पूर्वज: ऋषी / माकड. नको ते खोडावे.' ४१२ पैकी ४१० जणांनी माकड खोडलं. एक फॉर्म कोरा आला (ते गृहस्थ बायकोला विचारून सांगणार होते).

उरलेल्या एका फॉर्मवर ऋषी खोडलेला होता. तो शामलाबाईंचा. कारकून रुपराव हादरले.

"बाई, काहून हट्ट करून राहिल्या? कायम व्हायचं आहे ना तुमाले? ऋषी राहू द्या ना."

"कोणता ऋषी, ते मले माहीत नाही, रुपरावभाऊ. माकड महाराजबागेत पिंजऱ्यापाशी जाऊन पाहता तरी येते."

बाई कायम झाल्या नाहीत. शेरा पडला: 'अध्यापन उत्तम, पूर्वजांची निवड असमाधानकारक.' जूनपासून कामठीच्या एका शाळेत जाऊ लागल्या आणि तिथे उत्क्रांती चांगली मोठ्या आवाजात शिकवू लागल्या.

वाचकहो, तुम्ही हसलात, बरं वाटलं. पण फॉर्म वाचताना तुम्ही मनातल्या मनात आपलं गोत्र आठवून पाहिलंत. ते आम्ही चारशे अकरावं मत म्हणून धरलं आहे.