आधी सहावा खंड

सुनेने जेवणाच्या टेबलावर सहा जाडजूड पुस्तकं एकावर एक रचून ठेवली, तेव्हा मास्तरांना वाटलं, पंखा पुसायचा असेल, वर चढायला सोय केली आहे. पण तिने सगळ्यात खालचं पुस्तक ओढून काढलं आणि जरा चाचरत विचारलं, “बाबा, आपण दोघं वाचू या का? एकेक खंड माझा झाला की तुम्ही घ्यायचा.”

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवत आलेले, बोलणं मोजकं. मुलगा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर, घरात बोलायला तिसरं माणूस नाही. सून घरात येऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात दोघांमधला सगळा व्यवहार ‘चहा ठेवू?’ आणि ‘बरं’ एवढ्यावर भागला होता. तेव्हा तिने विचारलं हेच मोठं होतं. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, कापडाचा पोत पाहावा तसं पान चिमटीत धरलं आणि धंद्यातला पहिला प्रश्न विचारला. संपतं कधी?

सून खोटं बोलणारी नव्हती. तिने सांगितलं की कादंबरीचे एकूण दहा खंड व्हायचे आहेत, झालेत सहा. सहावा येऊन नऊ वर्षं झाली. लेखकाचं वय एकाहत्तर.

“म्हणजे बाह्या नाहीत, कॉलर नाही आणि टेलर एकाहत्तरचा,” मास्तर म्हणाले. “असला कोट मी अंगावर चढवत नाही.”

“बरं,” सून म्हणाली आणि पुस्तकं उचलून आत गेली.

ते ‘बरं’ मास्तरांना लागलं. आजवर घरात ते उत्तर त्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की माणसाने निदान माल पारखून मग नाही म्हणावं. सहावा खंड जर बऱ्यापैकी टाके घालून बंद केलेला असेल, तर हाती घ्यायला हरकत नाही. नसेल, तर विषय संपला. सून कामाला गेल्यावर त्यांनी सहावा खंड कापडात गुंडाळला आणि दुकानात नेला. दुपारी शटर अर्धं खाली ओढून त्यांनी शेवटचं पान उघडलं. तांब्याच्या हाताची राणी किल्ल्याचा दरवाजा उघडते, समोर पाहते आणि म्हणते, “तू?” बस्स. पुस्तक खलास.

मास्तर चिडले. कोण तू? ते कळायला त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात सगळे एका जळलेल्या गावावरून भांडत होते. गाव कोणी जाळलं ते त्याआधीच्या प्रकरणात निघालं, पण का जाळलं ते त्याच्याही आधीच्या. मास्तरांना यात वावगं काही वाटलं नाही. दुसऱ्याने शिवलेला कोट समजून घ्यायचा तर तो उसवतच जावा लागतो. आठवड्याभरात सहावा खंड उसवून झाला. तो त्यांनी गुपचूप जागेवर ठेवला आणि पाचवा उचलला. फक्त पारखण्यासाठी, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

धंद्यावर परिणाम झालाच. मुख्याध्यापकांचा नवा कोट तयार झाला, त्यांनी आरशासमोर घातला, ऐटीत खिशात पेन ठेवलं आणि ते आतून घसरून सरळ बुटावर पडलं. खिशाला तोंड होतं, तळ शिवायचा राहिला होता. लक्ष कुठे असतं तुमचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी खिसा उसवायला घेतला. काल राख झालेलं गाव आज जसंच्या तसं उभं आहे आणि आपण त्याच्या वेशीवर आहोत, हे मुख्याध्यापकांना कसं सांगायचं?

इकडे सून शहाण्या माणसासारखी पहिल्यापासून वाचत होती. तिचा तिसरा खंड संपला आणि चौथा घरात सापडेना. दोन दिवस तिने कपाटं उपसली. तिसऱ्या दिवशी मास्तर जेवणाचा डबा विसरले, तो द्यायला ती दुकानात आली. अर्ध्या शटरखालून वाकून पाहते तर सासरे इस्त्रीच्या टेबलाशी बसलेत, चौथा खंड मांडीवर, आणि डोळे पुसतायत.

ती घाबरून म्हणाली, “बाबा, काय झालं? यात कोणी मरतं का?”

“कोणी मरत नाही,” मास्तर म्हणाले. “माझ्याकडे सगळे जिवंत होतायत. म्हाताऱ्या सेनापतीला मी सहाव्यात पुरलं. आता तो लग्नाला निघालाय. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही.”

सुनेला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती कापडांच्या गठ्ठ्यावर बसून इतकी हसली की समोरच्या दुकानदाराने डोकावून पाहिलं. मग तिला आठवलं की सेनापती तिचा लाडका होता, आणि तिने आठ दिवस मास्तरांशी अबोला धरला. पण पहिल्या अबोल्यापेक्षा हा वेगळा होता. यात तिला मधूनच काहीतरी विचारायचं असे आणि विचारायची भीती वाटे.

त्यानंतर जेवणं लांबू लागली. मास्तर विचारत, त्या राणीचा हात तांब्याचा झाला कसा? सून सांगत नसे. सून विचारी, तो नावाडी खरंच फितूर आहे का? मास्तर मीठ मागत. एकाला मागचं ठाऊक नाही, दुसऱ्याला पुढचं नाही, आणि दोघं आपापल्या गुपितावर घट्ट बसून तासभर बोलत.

एका रविवारी सकाळी सुनेचा सहावा खंड ‘तू?’वर संपला आणि ती कपाळाला हात लावून बसली. त्याच सकाळी मास्तरांनी पहिल्या खंडाचं पहिलं पान वाचलं. तळ्याकाठी एक लहान मुलगी पाण्यात हात बुडवून बसली होती, दोन्ही हात धडधाकट, आणि सगळीकडे शांतता. मास्तरांनी पुस्तक मिटलं. इतका नेटका शेवट त्यांनी आजवर वाचला नव्हता.

“तू आता दहाव्या खंडापर्यंत वाट बघ,” ते सुनेला म्हणाले. “माझं काम पूर्ण झालं. अर्धवट काही राहिलं नाही.”

सून मोबाइलवर लेखकाची ताजी मुलाखत शोधून वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा पडला. लेखकाने सातवा खंड बाजूला ठेवला होता. ती लहान मुलगी तळ्याकाठी येण्यापूर्वी काय काय घडलं, ते तो आता लिहिणार होता. चार खंडांत.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सुनेजवळ खुर्ची ओढली.

“त्याला पत्र लिही,” ते म्हणाले. “म्हणावं, नव्या चारांतला चौथा आधी लिहा.”