विधुर ग्राहकाची बायको

दुपारी फोन वाजला तेव्हा निरीक्षकांच्या बायकोचे हात साबणाने भरलेले होते.

"हेडमास्तर आहेत का?" पलीकडे एक मधाळ आवाज.

"कोण हेडमास्तर?"

"याच नंबरचे. रिटायर झालेत. बिचारे विधुर ना, म्हणून आम्ही अधूनमधून चौकशी करतो. आपण कोण?"

"मी त्यांच्याकडे भांडी घासते," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

मग मधाळ आवाजाने सगळं सांगितलं. सर डॉलर-येनच्या खरेदी-विक्रीत छान रमलेत, फायदाही दिसतोय. फक्त शुक्रवारच्या आत घर गहाण टाकून रक्कम वाढवली, की बघायलाच नको.

या नंबरवर पुरुष एकच, तिचा नवरा. नवरा परकीय चलनाच्या दलालांना परवाने देणाऱ्या खात्यात. घरात कोणाचंही लग्न असो की बारसं, "आधी परवाना बघा, मग पैसे द्या," हे त्याचं भाषण ठरलेलं. आणि आता स्वतःच? वर बायको मेलेली?

तिने चपला अडकवल्या आणि थेट त्याच खात्याची तक्रार खिडकी गाठली. कारकून नवा होता, तिला ओळखत नव्हता.

"ग्राहकाशी नातं?"

"बायको. पण दलालाच्या कागदावर मी वारलेय. तुमच्या नियमात काय बसतं ते लिहा."

कारकून नियमाचा पक्का. त्याने लिहिलं, 'दिवंगत पत्नी, समक्ष हजर.'

अर्ज वर गेला आणि निरीक्षकांनी तक्रारदाराला लगेच वर बोलावलं. पाच मिनिटांत बायको त्यांच्या टेबलासमोर उभी होती.

"अगं, ते सोंग होतं! दलालाकडे परवानाच नाही. पुरावा हवा म्हणून मीच विधुर हेडमास्तर बनून गिऱ्हाईक झालो. ऑफिसचा नंबर दिला असता तर तो सावध झाला असता. आणि त्याला एकटी म्हातारी माणसंच लागतात."

"एकटं व्हायला मला मारायची काय गरज होती? माहेरी पाठवायचं होतं!"

"इतकं सुचलं नाही गं."

निरीक्षकांचे साहेब लगबगीने आत आले. "वहिनी, तक्रार मागे घेऊ नका. ग्राहकाची किंवा जवळच्या नातलगाची सही असल्याशिवाय आम्हाला दलालाच्या दाराला सील लावता येत नाही. यांची स्वतःची चालत नाही, हे खात्याचे. आणि फसलेले लोक लाजेपायी लिहूनच देत नाहीत. आठ महिने वाट बघतोय!"

"आणि शुक्रवारी?"

"तिघं म्हातारे घर गहाण टाकायला निघालेत."

तिने पेन उचललं. तेवढ्यात कारकून खालून धापा टाकत आला. "साहेब, दिवंगत व्यक्तीची सही ग्राह्य नाही. तक्रारदार जिवंत असल्याचा अधिकाऱ्याचा शेरा लागेल."

"कोणत्या अधिकाऱ्याचा?"

"प्रकरण ज्यांच्याकडे आहे त्यांचा."

सगळ्यांनी निरीक्षकांकडे बघितलं. खाली सील लावायला जायची गाडी सुरू होऊन उभी होती. त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'तक्रारदार हयात असल्याची खात्री केली.'

बायकोने कागद ओढून वाचला. "नुसतं काय? कशी केली तेही लिहा ना."

"अगं, गाडी थांबलीय."

"थांबू दे."

निरीक्षकांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग टोपण दाताखाली धरून, नेहमीच्या सरकारी अक्षरात एक ओळ वाढवली, 'गेली सव्वीस वर्षे, दररोज.'

साहेबांनी शिक्का मारला.