सगळेच अडखळतात

नळाच्या सामानाचा दुकानदार चष्म्याच्या दुकानात शिरला तेव्हा चष्मेवाल्याला वाटलं, याची काच फुटली असणार. पण तो काउंटरवर वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "लेकीला डॉक्टरकडे दाखवलंत का?"

"कोणाच्या?"

"तुमच्याच हो. आत्ता आली होती माझ्याकडे. व... व... व... करत राहिली बिचारी. बघवेना. शेवटी मीच म्हटलं, वॉशर का? तर मान हलवली आणि निघून गेली. वॉशर न घेताच."

चष्मेवाल्याने हातातली चष्म्याची काडी खाली ठेवली. त्याची लेक आणि अडखळणार? तिला घरात 'रेडिओ' म्हणत. तिची आई गेल्यापासून घरात बोलायचं काम ती एकटी करत होती. बाप नुसता 'हं' म्हणायचा. पण 'हं' म्हणायलाही समोर कोणीतरी बोलत असावं लागतं.

"वॉशर कशाला हवा होता तिला?" त्याला तेवढंच सुचलं.

"एवढं झाल्यावर कसं विचारणार?"

"अहो, सकाळी दूध उतू गेलं त्यावरून माझ्याशी तासभर बोलत होती. एकदासुद्धा अडखळली नाही."

"आपल्या माणसांपुढे लपवतात," दुकानदार म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

चष्मेवाला तसाच बाहेर पडला. लेक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात सापडली.

"झे... झे... झे..." ती म्हणत होती.

"झेरॉक्स ना ताई? इथे दुसरं काय मिळणार! किती काढू? दोन? चार? मागून-पुढून?" झेरॉक्सवाला तिला एकही शब्द पुरा करू देत नव्हता.

तेवढ्यात तिला दारात वडील दिसले. ती लालबुंद झाली. "बा... बा... बा..." एवढंच म्हणाली, कागद पिशवीत कोंबले आणि समोरून सुटणाऱ्या बसमध्ये चढली.

चष्मेवाला फुटपाथवर उभा राहिला. दोन अक्षरांचा शब्द, बोलायला लागल्यापासून ती म्हणत आलेला, आणि तोही तिच्या तोंडून निघेना.

त्याने बहिणीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "लागण झालीय, दादा."

"बोलण्याची कुठे लागण होते का?"

"ती शिकते काय? ज्यांना नीट ऐकू येत नाही, बोलता येत नाही, त्यांना बरं करायचं. दिवसभर त्यांच्यातच बसते ना? मग! सर्दीच्या पेशंटमध्ये बसल्यावर तू शिंकतोस की नाही?"

"शिंकतो."

"मग झालं तर. आजच्या आज कॉलेजातून नाव काढून आण तिचं."

बहिणीच्या बोलण्यात काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत होतं, पण काय ते सापडेना. तो पुढच्या बसने लेकीच्या कॉलेजात गेला.

व्हरांड्यात एक मुलगा खांबाला टेकून उभा होता. "बाळ, तुमच्या विभागप्रमुख बाई कुठे बसतात?"

"डा... डा... डावीकडे, काका."

चष्मेवाला एक पाऊल मागे सरला. पलीकडून एक मुलगी पुस्तकं सावरत आली. "नाही का... का... काका, उ... उजवीकडे."

त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकातोंडावर घट्ट धरला.

"बाबा! तुम्ही इथे? आणि तोंडाला रुमाल कशाला?"

मागे लेक उभी होती. एका दमात, खणखणीत बोलली होती.

"तू... बरी आहेस?"

"अहो, अभ्यास आहे तो! आज आम्हा सगळ्यांना बाहेर जाऊन अनोळखी माणसांशी मुद्दाम अडखळत बोलायचं होतं. लोक कसे वागतात, आपल्याला काय वाटतं, ते कळायला. उद्या आमच्यासमोर खरे पेशंट बसणार ना! आणि मध्येच खरं सांगून टाकायचं नाही, असा नियम."

"बापालाही नाही?"

"झेरॉक्सवाला बघत होता, बाबा!"

"आणि ही दोघं?"

"त्यांची बाजारात जायची पाळी आता आहे. सराव करताहेत."

"आणि वॉशर?"

"त्या दुकानात मी 'व'वर अडखळायचं ठरवलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही."

चष्मेवाल्याने रुमाल खिशात घातला. जीव भांड्यात पडला, पण डोकं अजून गरगरत होतं. म्हणजे इथे सगळी सोंगं आहेत तर! एवढी गोष्ट पक्की धरून, आलोच आहोत तर बाईंना भेटूनच जावं म्हणून तो थेट उजवीकडच्या विभागप्रमुखांच्या खोलीत शिरला.

पिकल्या केसांच्या बाई खुर्चीतून उठल्या. "न... न... नमस्कार. ब... बसा."

चष्मेवाला हसला. "राहू द्या बाई. मला कळलंय सगळं."

"का... काय कळलं?"

"मी तिचा बाप आहे हो, अनोळखी नाही. माझ्यापुढे नियम पाळायची गरज नाही."

"कु... कुठला नियम?"

"शाब्बास! शेवटपर्यंत सोडायचं नाही. पण स्पष्ट सांगू? राग मानू नका. तुमचं काही खरं वाटत नाही. जरा जास्तच होतंय. माझ्या लेकीचं बघा, अख्खा बाजार फसला."

दारात लेक येऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. कौतुकाने लाजली असेल, असं समजून तो पुढे म्हणाला, "तुम्हीच शिका तिच्याकडून थोडं."

मग बाई म्हणाल्या, "मी ल... लहानपणापासून क... करतेय. अजून ज... जमत नाही म्हणता?"

चष्मेवाल्याने लेकीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"मा... मा..." तो म्हणाला. पुढचं येईना. ओठ मिटले की उघडेनात. "मा... म... मा..."

बाईंनी शब्द पुरवला नाही. 'सावकाश' म्हणाल्या नाहीत. खालीही पाहिलं नाही. नुसत्या त्याच्याकडे बघत थांबल्या, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. असं कोणी आपल्यासाठी थांबल्याचं त्याला आठवेना.

"...माफ करा," शेवटी निघालं.

बाई खळखळून हसल्या. "तु... तुमचं मात्र अगदी ख... खरं वाटलं. बोला, क... कशासाठी आला होतात?"

दारातली लेक एक पाऊल पुढे आली. तोंडावरचा तो रुमाल आठवून, बाप आपलं नाव काढायला आलाय, हे तिला आत्ता कुठे कळू लागलं होतं.

"सहज," चष्मेवाला म्हणाला. "लेक कुणाकडे शिकते, ते बघायला."

आणि तो बाईंसमोरच्या खुर्चीत नीट टेकून बसला.