गुडगावची चौपाटी

शशिकांत पहिलं खोटं बोलला, ते तोंड न उघडता. त्याने फक्त मान हलवली.

झालं असं, की सरकारी नोकरी सोडायची ठरवून तो एका नव्या परदेशी कंपनीच्या इंटरव्ह्यूला गेला. तिथले साहेब, मेहरा, यांनी त्याचा अर्ज उलटसुलट करून विचारलं, "महाराष्ट्र से हो? मतलब समुंदर के किनारे वाले?" आता बार्शी समुद्रापासून किती लांब आहे हे सांगायचं, तर आधी बार्शी सांगायला हवी. तो प्रयोग शशिकांतने दिल्लीत आल्या आल्या एकदा केला होता. "सोलापूरजवळ," असं म्हटल्यावर समोरचा गृहस्थ खूश होऊन म्हणाला होता, "अच्छा, कोल्हापूर. चप्पलवाला." म्हणून या वेळी शशिकांतने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. नोकरी मिळाली.

पण खोट्याचं असं असतं, की ते एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवूखाऊ घालावं लागतं. दुपारी ऑफिसात डबे उघडले की कोणीतरी विचारायचंच, "यार, तुम लोग तो रोज समुंदर में नहाते होगे?"

"सुबह सुबह," शशिकांत म्हणायचा.

"शार्क देखी है?"

"एक-दो बार. दूर से." (बार्शीला पाणी येतं ते नळाला, आणि तेही दिवसाआड.)

खरं सांगायचं तर शशिकांतने समुद्र एकदाच पाहिला होता, स्वतःच्या लग्नात. त्याची बायको नीला गुहागरची. लग्न तिच्या दारात लागलं, आणि मांडवाच्या मागे नारळीच्या झाडांतून समुद्र दिसत होता. मुंडावळ्या बाजूला सारून शशिकांत तो नीट बघणार, तेवढ्यात भटजींनी मध्ये अंतरपाट धरला. दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड बार्शीला परत निघालं.

नीलाचं मात्र सगळं बालपण त्या वाळूत गेलं होतं. पुढे भावाने गुहागरचं घर विकलं आणि आईवडिलांना डोंबिवलीला नेलं. शशिकांतची मे महिन्यातली रजा बार्शीला आईकडे जायची. आठ वर्षं झाली, नीलाला समुद्र दिसला नव्हता. तिने तक्रार कधी केली नाही. (केली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.) पण जूनच्या दुपारी, गाझियाबादच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये, ती कूलरसमोर चटई टाकून डोळे मिटून पडायची. कूलरची घरघर चालू असायची, आतलं पाणी गवतावरून झुळझुळायचं. एकदा शशिकांतने चहाचं विचारलं, तर डोळे न उघडता ती म्हणाली, "थोडं थांबा हो. भरती चालू आहे." शशिकांतला गलबलून आलं. त्या दिवशी चहा त्याने स्वतः केला, आणि साखर विसरला.

त्या वर्षांत सगळंच परदेशातून येत होतं. चॅनेल येत होते, कोल्ड्रिंक येत होतं, सकाळी दुधात बुडवून खायचे मक्याचे पापड येत होते. तसे मेहरासाहेब अमेरिकेतून ट्रेनिंग घेऊन आले आणि येताना एक यंत्र घेऊन आले. लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, वर एक डबी आणि कानाला लावायचे हेडफोन. तिकडे म्हणे हाफपँटी घातलेली म्हातारी माणसं सकाळच्या वेळी समुद्राच्या वाळूवरून ही चकती फिरवत सावकाश चालतात. वाळूत कोणाची नाणी पडलेली असतात, पोहणाऱ्यांच्या बोटातून अंगठ्या निसटलेल्या असतात. यंत्र कानात पीं करतं, की वाकायचं आणि उचलायचं.

"तुम्हारे यहाँ तो सब यही करते होंगे," साहेब शशिकांतला म्हणाले.

शशिकांतने मान हलवली.

मग साहेबांनी जाहीर केलं, की यंदाची कंपनीची पार्टी म्हणजे बीच पार्टी. जागा, गुडगावला ऑफिसमागचा रिकामा प्लॉट. एका बाजूला मोहरीचं शेत, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेली इमारत. "सर, समुंदर?" अकाउंट्समधल्या गुप्तांनी शंका काढली. "गुप्ता, पॉझिटिव्ह सोचो," साहेब म्हणाले. ट्रक भरभरून वाळू येणार होती. वाळूत सोन्याची एक गिन्नी पुरायची, प्रत्येक जोडप्याला पाळीपाळीने यंत्र द्यायचं, आणि जे जोडपं गिन्नी शोधेल त्याला गोव्याची सहल, विमानाने जाऊन-येऊन, हॉटेल समुद्रावर. सगळ्या व्यवस्थेचा प्रमुख अर्थातच शशिकांत.

दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. शशिकांतला एकच चित्र दिसत होतं. नीला पाण्यात घोट्यापर्यंत उभी आहे, आणि तो तिच्या चपला हातात धरून किनाऱ्यावर उभा आहे. त्याला ते चित्र मीटिंगमध्ये दिसायचं, लिफ्टमध्ये दिसायचं. एकदा तर सही करताना दिसलं, आणि सहीच्या शेपटीला लाटा आल्या.

सरावासाठी साहेबांनी यंत्र त्याला घरी न्यायला दिलं. चार्टर्ड बसमध्ये तो ते घेऊन चढला. 'अनोळखी वस्तूपासून सावध राहा' हे दिल्लीच्या लाउडस्पीकरांनी लोकांना इतकी वर्षं शिकवलेलं. मागच्या बाकांवरची माणसं एकेक करून पुढे सरकली, आणि गाझियाबादपर्यंत शशिकांत आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरून आला.

"हे काय, फरशी पुसायचं?" दार उघडत नीलाने विचारलं.

फरशी पुसायला ते उपयोगी पडलं असतं तर बरं, कारण घरात ते गप्पच बसेना. कॉटजवळ पीं, टीव्हीजवळ पीं, आणि काही नाही तिथेही पीं. नीलाने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "चला, बिल्डरने स्लॅबमध्ये सळया तरी घातल्यात म्हणायच्या." फ्रीजच्या मागे चकलीचा सोऱ्या सापडला. तो शेजारच्या विजयालक्ष्मींनी दिवाळीत नेऊन परत केला नाही, अशा समजुतीने नीला चार महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. सोऱ्या तिने मुकाट्याने फडताळात ठेवला आणि शेजारी वाटीभर खीर पाठवली.

शशिकांत हेडफोन लावून हॉलमधून सावकाश चालू लागला. हेडफोनमध्ये एक हलकी गूं येत होती. डोळे अर्धे मिटले की पायाखालची मोझॅक टाईल थेट ओली वाळू वाटायची. तो असा टीपॉयपर्यंत चालला. नडगीवरचा काळानिळा डाग पार्टीपर्यंत टिकला.

"नीला," नडगी चोळत तो म्हणाला, "गिन्नी मीच पुरणार आहे. नर्सरीतून पामच्या कुंड्या आणतोय. त्यातल्या एका कुंडीवर निळ्या ऑइलपेंटचे शिंतोडे आहेत. बरोब्बर तिच्याखाली."

"हे काही बरोबर नाही हं."

"समुद्र बघायचाय ना तुला?"

नीलाची कणीक मळून झाली, पोळ्या लाटून झाल्या. शेवटची पोळी तव्यावर टाकताना ती म्हणाली, "कुठला रंग म्हणालात कुंडीचा?"

पार्टीच्या दिवशी शशिकांतने दुपारीच गिन्नी पुरली, वर कुंडी ठेवली. नर्सरीवाल्याने कुंड्यांना भरपूर पाणी घातलं. ऊन कलायला लागलं आणि एक नवल घडलं. वाळू सोनेरी झाली. मोहरीच्या पिवळ्या शेतावरून वारा आला. कोणीतरी लाटांच्या आवाजाची कॅसेट लावली. मेहरासाहेब फुलाफुलांचा शर्ट आणि हॅट घालून हिंडत होते. नीलाने चपला काढल्या, वाळूत पाय रोवले आणि डोळे मिटून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतकं काही शांत पसरलं, की शशिकांतला वाटलं, गोवा नाही मिळाला तरी चालेल, ही अशीच थोडा वेळ उभी राहू दे.

तो असा हरवलेला असताना ऑफिसातल्या बायकांनी त्याला गाठलं. भरती-ओहोटी कशी येते, हे त्यांना ऐकायचं होतं. शशिकांतने सुरुवात केली. (चंद्रापर्यंत गाडी बरी चालली, पुढे घसरली.) त्याची पाठ वळलेली असतानाच साहेबांनी ग्रुप फोटोसाठी सगळ्या कुंड्या उचलून मागे एका रांगेत लावायला सांगितल्या, आणि माणसांनी त्या लावल्याही.

चिठ्ठ्यांमध्ये नीलाचा नंबर पहिल्या फेरीतच आला. तिने हेडफोन लावले. उगाच इकडेतिकडे चकती फिरवण्याचं नाटक केलं, आणि मग सहज म्हणून निळ्या शिंतोड्यांच्या कुंडीकडे गेली. कुंडी जरा सरकवली. यंत्र इतक्या जोरात किंचाळलं, की हेडफोनबाहेरही ऐकू आलं. नीलाने दोन्ही हातांनी वाळू उपसली आणि वर काढली ती दाराची बिजागरी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कुंड्यांकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की त्या फोटोसाठी रांगेत उभ्या आहेत.

वाळू आली होती कुठल्यातरी बंद पडलेल्या बांधकामावरून. त्यामुळे यंत्र कोणालाच निराश करत नव्हतं. एकाला खिळे मिळाले, एकाला बांधायची तार, दोघा-तिघांना कोल्ड्रिंकची बुचं, एका बाईंना गवंड्याची मोडकी थापी. ढीग बघून शशिकांतला वाटलं, आता फक्त विटा सापडल्या की इथेच एक खोली उठेल. गिन्नी मात्र कोणाच्या हाताला लागली नाही. गुप्ता पती-पत्नींनी तर यंत्र उलटं धरलं होतं. ते कळेपर्यंत त्यांची पाळी संपली.

सूर्य टेकायला आला. साहेबांचा आवाज बदलला. "शशिकांत, गिन्नी किधर है?"

"सर, रेत में चीज़ें खिसकती हैं," शशिकांत म्हणाला. "हमारे यहाँ भी."

"तो तुम ढूँढो. तुम्हें मिली तो गोवा तुम्हारा."

शशिकांतने हेडफोन लावले. टाळ्या, हसणं, लाटांची कॅसेट, सगळं लांब गेलं. फक्त ती गूं राहिली. तो चकती फिरवत सावकाश चालू लागला. समोर केशरी आभाळ, पायाखाली गार होत चाललेली वाळू. त्याला वाटलं, आपण असेच चालत राहिलो तर पलीकडे कुठेतरी खरंच पाणी लागेल. चालता चालता त्याला नीला दिसली. ती अनवाणी एका जागी उभी होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या पायाशी वाळूवर एक गोल, ओलसर, काळपट वर्तुळ होतं. दुपारी पाणी घातलेल्या कुंडीच्या बुडाचं. ती दोन पावलं बाजूला झाली.

तिथे चकती नेल्याबरोबर पीं झालं. शशिकांत गुडघ्यांवर बसला, हात घातला आणि गिन्नी वर काढली. सगळा प्लॉट ओरडला. त्याने नीलाकडे पाहिलं. ती हसत होती, आणि डोळे भरलेले होते. त्या क्षणी शशिकांत गोव्याला पोचलासुद्धा होता, तिच्या चपला हातात घेऊन.

साहेबांनी माईक हातात घेतला. "देखा? सीखो कुछ. इसको बोलते हैं समुंदर का बेटा." मग त्यांनी शशिकांतच्या खांद्यावर हात टाकला आणि आवाज जरा हळवा केला. "पर मैं इसका चेहरा पढ़ सकता हूँ. ये सोच रहा है, मैं तो लहरों में पैदा हुआ, मैं गोवा जाके क्या करूँगा? और इधर अपना गुप्ता है, हापुड़ से बाहर निकला तो सीधा ऑफिस आया. बेचारे ने समुंदर कभी देखा ही नहीं. शशिकांत, तुम यही चाहते हो ना, कि टिकट गुप्ता को मिले?"

सगळा प्लॉट त्याच्याकडे कौतुकाने बघत होता. सौ. गुप्तांनी डोळ्यांना पदर लावला होता. शशिकांतच्या जिभेच्या टोकावर बार्शी आली, आणि तिथेच राहिली. त्याने मान हलवली.

आठ वर्षं गप्प बसलेली नीला तेव्हा पुढे झाली. "सर," ती स्वच्छ हिंदीत म्हणाली, "ये समुंदर के नहीं हैं. ये बार्शी के हैं."

शशिकांतने डोळे मिटून घेतले. एका परीने त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"बार्शी?" साहेब विचारात पडले. "ये कौन सा बीच है? मैंने नाम नहीं सुना."

नीला नवऱ्याकडे बघत राहिली. आता बोलायची पाळी त्याची होती, आणि हे त्यालाही कळत होतं.

"बहुत शांत जगह है, सर," शशिकांत म्हणाला. "भीड़ बिल्कुल नहीं होती."

"बस," साहेबांनी हॅट हवेत उडवली. "गुप्ता जाएगा गोवा, और अगले साल पूरी कंपनी जाएगी बार्शी बीच. इंचार्ज शशिकांत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात नीला वाजवत होती. तेवढ्यात गुप्ता विमानाची तिकिटं छातीशी धरून त्याच्यापाशी आले आणि कानात कुजबुजले, "भाईसाहब, मुझे तैरना नहीं आता. गोवा का तो देख लेंगे, पर बार्शी में डूबने का ख़तरा तो नहीं?"

बार्शीत आजवर एकही माणूस समुद्रात बुडालेला नाही, अशी शशिकांतने त्यांना खात्री दिली. नोकरीला लागल्यापासून समुद्राबद्दल तो पहिल्यांदाच खरं बोलत होता.