नो मॅच

अरुणकुमार खानझोडेंनी रुआबांधा वस्तीतल्या आपल्या घरच्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, तेव्हा रविवारचा सिनेमा बुडाला म्हणून शेजारीपाजारी नाराज झाले. खानझोडे पोलादाच्या प्लांटमध्ये इंजिनियर. मावसभावाने परदेशातून ते छोटं यंत्र आणून दिल्यापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पुढच्या शतकात मशीनच विचार करणार आणि आपला समाज अजून पत्रिका उलगडून बसलाय, हे ते पोळ्या लाटणाऱ्या बायकोला, विजयाताईंनाही ऐकवत. शेवटी त्यांनी स्वभाव जुळवणारा प्रोग्राम लिहिला. मुलाने आणि मुलीने वेगवेगळं बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची. जोडी जमेल की नाही, ते मशीन सांगणार. समाजाच्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यात तो मांडायचा होता.

चाचणीला त्यांनी स्वतःचंच लग्न घेतलं. पोरगी कॉलेजात गेली तरी टिकलेलं, म्हणजे खात्रीचा माल. साक्षीला शेजारच्या सिंधुताई आणि कुंपणापलीकडचे देवराव. देवराव पन्नाशीचे, बिनलग्नाचे. गंमत म्हणून त्यांनीही उत्तरं देऊन टाकली. नवरा-बायकोच्या जोडीपुढे पडद्यावर अक्षरं उमटली: नो मॅच.

खानझोडे हसले, व्होल्टेज कमी आहे म्हणाले. विजयाताईंनी पदराला हात पुसले.

"मंग माह्यासंग कोनाचं जमते, ते तरी विचारा तुमच्या मशीनले."

मशीनने पटकन देवरावांचं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सिंधुताईंनी ही बातमी सिविक सेंटरच्या बाजारापर्यंत पोचवली. आठवड्यातून एकदा दाढी करणारे देवराव रोज गुळगुळीत गालाने कुंपणाशी दिसू लागले. खानझोडेंनी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना. प्रोग्राम चुकला म्हणावं तर चारचौघांत नाक कापलं जाणार. बरोबर म्हणावं तर खिडकीबाहेर देवराव उभे. अन्न गोड लागेना. त्यात मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव यांचा निरोप आला: घरचीच जोडी जमत नसेल तर मशीन मेळाव्यात आणू नका, मी स्वतः येऊन बघतो.

गुलाबरावांसमोर फेरचाचणी ठरली. खानझोडेंनी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करायचं ठरवलं: विजया देईल तीच उत्तरं द्यायची. न सांगता पाहुणे आले तर? आनंद. राग आला तर? गप्प बसणे. बोटं भराभर चालली. आपल्याला तिचं इतकं ठाऊक आहे, याचं त्यांनाच नवल वाटलं. मग विजयाताई बसल्या. बराच वेळ बसल्या.

नो मॅच.

खानझोडेंनी घाम पुसत तिची उत्तरं पडद्यावर आणली. पाहुणे: वैताग. राग: आरडाओरडा. एकूण एक उत्तर खानझोडेंचं स्वतःचं होतं.

"तू माह्यासारखी उत्तरं कावून देल्ली?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमी जेवून नोयते राहिले धड. म्हटलं, जमू द्या एकदाचं." विजयाताईंनी पडद्याकडे पाहिलं. "अन् तुमी?"

खानझोडेंनी खिडकीकडे पाहिलं. कुंपणाशी उभं राहून सगळं ऐकणारे देवराव मुकाट्याने आपल्या घरात गेले.

गुलाबराव इतका वेळ चहाचा कप हातात धरून बसले होते. मशीनमध्ये नेमकी गडबड काय, असं त्यांनी विचारलं. मशीन ठीक आहे, आम्हीच एकमेकांची उत्तरं दिली, असं खानझोडेंनी मान खाली घालून सांगितलं, आणि मेळाव्याचा नाद सोडला म्हणाले.

गुलाबरावांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"मेळाव्याचं राहू द्या," ते म्हणाले. "हे प्रश्न मले लिहून द्या. माही बायको काय उत्तर देईन, मले एकाचंबी सांगता येत नाही."