सॅम्पल किती?

वसंत सरांसमोर कुणाहीबद्दल "ते लोक असेच" एवढं म्हटलं, की सर खडू कानामागे खोचायचे आणि विचारायचे, "सॅम्पल किती?"

सर आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. चिखलीच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली आमची शाळा भरायची. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील कंपनीत, म्हणून सरांची भाषाही कंपनीची. "एक नट वाकडा निघाला म्हणून अख्खा लॉट रिजेक्ट केला, तर तुझ्या बापाला उद्या गेटातून आत घेतील का रे?"

एकदा रमेश म्हणाला, "सर, कोकणातली माणसं लई चिकट."

"सॅम्पल किती?"

"एक. आमचे घरमालक."

"ते कोकणातले म्हणून चिकट, की घरमालक म्हणून?"

रमेशने बराच विचार केला. "घरमालक म्हणून, सर."

सरांना काळवेळ नव्हती. रॉकेलच्या रांगेत विचारायचे, एसटीत विचारायचे. खुद्द स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत मुलीचे मामा म्हणाले, "मास्तर लोक भारी विसराळू!" सरांनी सॅम्पल विचारलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. सर चाळिशी उलटली तरी एकटे राहिले ते त्या चहामुळे, असं बाकीचे शिक्षक सांगायचे.

दहावीत असताना मधल्या सुट्टीत मी डब्यातली चटणी सुनंदापुढे केली. सुनंदा गावातल्या जुन्या घरातली, माझी जिवाची मैत्रीण. आम्ही बौद्ध.

"आमी तुमच्यात खात न्हाई गं," ती म्हणाली. "आजी म्हणती, तुमच्यात स्वच्छता नसती."

आपण काही लागेलसं बोललो, हे तिच्या गावीही नव्हतं. पण सर मागेच उभे होते.

"सॅम्पल किती?"

"एकबी न्हाई, सर."

"मग रविवारी हिच्या घरी जेव. सोमवारी दोन पानी अहवाल दे."

वर्ग हसला. माझ्या डोक्यात मात्र आग पेटली. वडिलांनी आणलेली चळवळीची पत्रकं वाचत मी वाढले होते, गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

"सर, माझी आई म्हणजे तपासायला ठेवलेला नट नाही! सुनंदाच्या घरी का कुणी अहवाल लिहायला जात नाही? दर वेळी परीक्षा आमच्याच घराची का?"

सरांनी कानामागचा खडू काढला, पुन्हा खोचला, पुन्हा काढला.

"बरोबर," ते म्हणाले. "चूक माझी. गृहपाठ रद्द." आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'आज सर चुकले.' आठवडाभर ते कुणाला पुसू दिलं नाही.

मी जिंकले होते. पण आता सुनंदा आमच्याकडे कधीच येणार नाही, हे ध्यानात आलं आणि जिंकण्यातली सगळी मजा गेली.

रविवारी संध्याकाळी दारात सुनंदा उभी!

"गृहपाठ न्हाई म्हणून आले," ती म्हणाली. "आजी लई वरडली. काय केलंय जेवायला?"

बोंबलाचं कालवण होतं. दोन भाकरी संपवून ती आईला म्हणाली, "मावशी, अजून हाय का?"

भाकरी थापायला उठलेल्या आईला दारातून सर दिसले. चाळीच्या नळापाशी उभे होते. चार पावलं जायचे, परत यायचे. सुनंदा आली का ते बघायला आलेले, पण विचारायचा धीर होत नव्हता. आईने हाक मारली.

"पाहणीला नाही हं आलो," सर घाईघाईने म्हणाले.

"हात धुवा आधी."

"नको, मी खानावळीत..."

"रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असती, मास्तर."

सर मुकाट्याने सुनंदाशेजारी बसले.

"मग दर रविवारी काय करता?" आईने विचारलं.

"वह्या तपासतो."

"त्यानं प्वाट भरतं व्हय, सर?" सुनंदा म्हणाली.

सरांनी ताट पुढे केलं.